पाचोळ्याची बेगमी : प्राचीन परिसंस्था का कोसळल्या, का तगल्या

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक मागे पडतात. रस्त्याच्या कडेने कुठे मिठागरे, कुठे तिवरांची दाट रांग सोबत करते आणि पुढे डोंगरीची टेकडी लागते. आपल्या शाळेच्या कित्येक तुकड्यांनी ही वाट पायी तुडवली आहे. अशाच एका सहलीत नववीतील एका विद्यार्थ्याने टेकडीवरचा फिकट रंगाचा दगड हातात घेऊन विचारले होते, "सर, हा दगड किती जुना?" त्या वेळी मी "फार जुना" एवढेच सांगून वेळ मारून नेली. आज तो विद्यार्थी कुठे आहे, हे मला ठाऊक नाही. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता मिळालेले आहे, आणि या स्मरणिकेच्या निमित्ताने ते त्याच्यापर्यंत पोहोचावे, अशी इच्छा आहे.

२०१४ साली आयआयटी मुंबईतील हेतू शेठ आणि कांचन पांडे या भूशास्त्रज्ञांनी डोंगरी परिसरातील खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. येथील ऱ्हायोलाइट नावाच्या ज्वालामुखीजन्य खडकाचे वय त्यांनी आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून ठरविले. ते सुमारे ६ कोटी २६ ते २९ लाख वर्षे भरले. या लाव्हाच्या खाली गाळाचा एक थरही त्यांना आढळला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये येथे शांततेचा काळ होता, पाणी साचले होते आणि तळाशी गाळ बसत होता.

हा आकडा नीट पाहिला पाहिजे. डायनोसॉरांचा अंत सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. आपल्या पायांखालचा डोंगरीचा खडक त्यानंतर तीस लाखांहून अधिक वर्षांनी थंड झाला. पृथ्वीवरील एका मोठ्या संहारानंतर जग पुन्हा उभे राहत असतानाच्या काळातला हा दगड आहे.

मग त्या सावरणाऱ्या जगात येथे कोण राहत होते? याचे उत्तर थोडे दक्षिणेकडे, मुंबई बेटाच्या खडकांत मिळते. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थराखाली दबलेल्या गाळात लहान बेडकांचे असंख्य सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्लंडमधील जीवाश्मतज्ज्ञाने १८४७ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. आज हा बेडूक 'इंडोबॅट्रॅकस पुसिलस' या नावाने ओळखला जातो. त्याच गाळांत गोड्या पाण्यातील कासवांचेही अवशेष मिळाले. मुंबईचे हे थर डायनोसॉरांच्या अंतानंतरचे मानले जातात.

वीस-वीस मीटर लांबीचे डायनोसॉर गेले आणि बोटभर बेडूक राहिले, असे का व्हावे? आकार हे त्याचे एक कारण आहे. थोड्या अन्नावर जगणारा लहान जीव दुष्काळ काढतो, मोठ्याला तो काढता येत नाही. परंतु केवळ आकाराने हे कोडे सुटत नाही. कारण मगरीही तगल्या आणि कित्येक लहान भूचर मात्र नाहीसे झाले. उत्तराचा दुसरा भाग प्राण्यांच्या शरीरात नसून त्यांच्या परस्परसंबंधांत आहे. कोण कोणाला खात होते, आणि ते सारे अन्न अखेरीस कोठून येत होते, हे पाहिल्याशिवाय तो उलगडत नाही.

साखळी आणि जाळे

शालेय पुस्तकात आपण अन्नसाखळी शिकलो : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. हे चित्र सोपे असले तरी निसर्गात एवढी सरळ रेषा क्वचितच आढळते. बेडूक नाकतोड्याखेरीज वाळवी, मुंग्या आणि गांडुळेही खातो. बेडकाला सापाखेरीज बगळाही खातो. आपल्या शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्या चितळाची शिकार करतो, तसा वस्तीच्या कडेची कुत्रीही उचलतो. अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतल्या की त्यांचे अन्नजाळे बनते. जाळ्यातील प्रत्येक गाठ म्हणजे एक प्रजाती आणि दोन गाठींमधला धागा म्हणजे खाणारा व खाल्ला जाणारा यांचे नाते.

या जाळ्यातून एक गाठ निखळली तर दोन गोष्टी घडू शकतात. तिच्यावर जगणाऱ्याला दुसरे भक्ष्य असेल तर तो तिकडे वळतो आणि जाळे सावरते. दुसरे काहीच नसेल तर तोही नाहीसा होतो. यास दुय्यम विलोपन म्हणतात. मूळ आघात एकावर होतो आणि मृत्यू दुसऱ्याला येतो. ही लाट पुढे तिसऱ्यापर्यंत, चौथ्यापर्यंत पोहोचू शकते.

येथे आणखी एक मेख आहे. आपल्या भोजनगृहाचेच उदाहरण घेऊ. एखाद्या सकाळी भाजीची गाडी आली नाही, तर कोणी उपाशी राहत नाही. सर्वजण आमटी वाढून घेतात. परंतु मग आमटीचे पातेले नेहमीपेक्षा लवकर तळाला जाते आणि शेवटच्या पंगतीला तीही मिळत नाही. निसर्गातही असेच होते. एक भक्ष्य संपले की भुकेला शिकारी उरलेल्या भक्ष्यांवर अधिक भार टाकतो, आणि ज्यांना मूळ आघात लागलाही नव्हता, ते या वाढीव भाराखाली संपतात. पर्याय असणे म्हणूनच दुधारी ठरते. ते एकाला वाचवते आणि संकट दुसऱ्याकडे ढकलते.

दगडांवरून जाळे कसे विणतात?

कोट्यवधी वर्षांपूर्वी कोणी काय खाल्ले, हे आज कसे कळावे? पुरावे तुटपुंजे असले तरी ते आहेत. पाती चावणारे, मांस फाडणारे आणि शिंपले फोडणारे दात वेगवेगळे असतात. हाडांवर चाव्याच्या खुणा राहतात. क्वचित पोटातले अन्नही दगड होऊन टिकते. अश्मीभूत विष्ठा तर आहाराचा लेखी दाखलाच म्हणावा लागेल.

अशा दाखल्यांपैकी जगातील एक फार महत्त्वाचा दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरातील पिसदुरा या गावच्या शेतांत गोलसर, दगडी गोळे सापडतात. ती डायनोसॉरांची, बहुधा टायटॅनोसॉर नावाच्या अजस्र शाकाहारी सरीसृपांची विष्ठा आहे. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यांतील वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण तपासले. त्यांत ताड-माडाच्या कुळातील झाडे, सूचिपर्णी वृक्ष, इतर सपुष्प वनस्पती यांच्या खुणा मिळाल्या. शिवाय गवताच्या निदान पाच प्रकारांच्या खुणा मिळाल्या. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, असे तोवर मानले जात असे. तो समज विदर्भातल्या शेणाच्या दगडाने खोडून काढला. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळाशी नाते सांगणारे गवतही याच अवशेषांतून ओळखले गेले.

दुसरा दाखला शेजारच्या गुजरातेतील खेडा जिल्ह्याचा. तेथील ढोली डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील धनंजय मोहबे यांना टायटॅनोसॉरच्या अंड्यांचे घरटे मिळाले. त्या दगडात सुमारे साडेतीन मीटर लांबीचा एक साप अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला होता आणि शेजारी नुकतेच बाहेर आलेले पिल्लू होते. २०१० साली या सापाचे 'सनाजेह इंडिकस' असे नामकरण झाले. पिल्लाला गिळण्यापूर्वीच दरड वा चिखल कोसळून तो क्षण जसाच्या तसा गोठला असावा. अन्नजाळ्याचा एक धागा इतक्या स्पष्टपणे दिसण्याचे भाग्य जीवाश्मतज्ज्ञांना फार थोड्या वेळा लाभते.

सर्व धागे असे हाती लागत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ प्राण्यांचे आहारगट पाडतात : मोठे शाकाहारी, लहान कीटकभक्षी, पाण्यातील मासेखाऊ, कुजक्या पदार्थांवर जगणारे, इत्यादी. कोणता गट कोणत्या गटाला खाऊ शकत होता, हे आकार, दात आणि अधिवास यांवरून ठरवता येते. त्या मर्यादेत शक्य असलेली हजारो जाळी संगणकावर विणली जातात आणि त्या सर्वांवर एकच आघात करून निष्कर्ष तपासला जातो. एखादा धागा चुकला तरी सर्व जाळ्यांत सातत्याने दिसणारी गोष्ट विश्वासार्ह ठरते.

जोडलेले असणे पुरेसे आहे का?

सारे काही परस्परांवर अवलंबून आहे, हा विचार आपल्या शाळेच्या आवारात नवा नाही. वंदनेच्या वेळेपासूनच तो कानांवर पडतो. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना सहज वाटते की, जितके धागे अधिक तितके जाळे बळकट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पर्यावरणशास्त्रज्ञांचेही हेच मत होते. चार्ल्स एल्टन यांनी १९५८ साली विविधतेमुळे स्थैर्य येते, हा विचार ठामपणे मांडला. परंतु १९७२ मध्ये रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखविले की, कशाही रीतीने, आडवेतिडवे जोडलेले मोठे जाळे लहान जाळ्यापेक्षा सहज विस्कटू शकते. धाग्यांची संख्या वाढली की आघात पसरण्याचे मार्गही वाढतात.

या दोन मतांमधून वाट निघाली ती अशी : प्रश्न किती धागे आहेत हा नसून ते कसे मांडले आहेत, हा आहे. २००८ साली जेनिफर डन आणि सहकाऱ्यांनी चीनमधील चेंगजियांग आणि कॅनडातील बर्जेस शेल येथील, पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रांची अन्नजाळी मांडली. ती आजच्या जाळ्यांशी बरीच मिळतीजुळती निघाली. प्राणी पूर्णपणे बदलले तरी मांडणीचे नियम मोठ्या प्रमाणात टिकून राहिले, असा त्याचा अर्थ.

मांडणी आणि विलोपन यांचे नाते तपासणाऱ्यांत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे पीटर रूपनरीन यांचे नाव अग्रभागी आहे. २००६ साली त्यांनी मांडलेल्या प्रतिमानात वनस्पतींचे उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी केले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर किती प्रजाती गळतात, हे मोजले जाते. त्यातून हाती आलेली गोष्ट विचार करायला लावणारी आहे. उत्पादन थोडे घटले तर थोड्याच प्रजाती जातात. आणखी घटले तरी फारसे काही होत नाही. जाळे ताण सोसत राहते. मग एका विशिष्ट उंबरठ्यापाशी ते एकाएकी कोसळते. उंबरठ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या निरीक्षकाला सारे सुरळीत दिसत असते.

दोन संहार, दोन धडे

सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या शेवटी, पृथ्वीने पाहिलेला सर्वांत मोठा संहार झाला. त्या काळातील भूचर प्राण्यांचे उत्तम अवशेष दक्षिण आफ्रिकेतील कारू खोऱ्यात आहेत. तेव्हा भारत आणि आफ्रिका एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते. संहारातून वाचलेला लिस्ट्रोसॉरस हा डुकराएवढा शाकाहारी प्राणी कारूमध्ये मिळतो, तसाच तो बंगालमधील दामोदर खोऱ्यातही मिळतो.

रूपनरीन आणि शिकागोच्या फील्ड म्युझियममधील केनेथ अँगिल्चिक यांनी २०१५ साली कारूच्या अन्नजाळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्यक्ष जाळ्यांची तुलना काल्पनिक जाळ्यांशी केली. तितक्याच प्रजाती वेगळ्या प्रकारे आहारगटांत वाटल्या असत्या तर काय झाले असते, हा त्यांचा प्रश्न होता. संहारापूर्वीची खरी जाळी या काल्पनिक जाळ्यांहून अधिक स्थिर होती. दीर्घ काळ एकत्र नांदून घडलेली मांडणी अपघाती मांडणीपेक्षा सरस ठरली. उलट संहारानंतर, ट्रायासिकच्या आरंभी उभे राहिलेले जाळे मात्र कच्चे होते. प्रजाती पुन्हा वाढू लागल्या होत्या, परंतु मांडणी बसली नव्हती. संख्या भरून आली म्हणजे परिसंस्था सावरली, असे समजणे घाईचे आहे, हा पहिला धडा.

दुसरा धडा डायनोसॉरांच्या अंताचा आहे. जोनाथन मिचेल, रूपनरीन आणि अँगिल्चिक यांनी २०१२ मध्ये उत्तर अमेरिकेतील उत्तर क्रेटेशियस काळातील सतरा परिसंस्थांची जाळी तपासली. संहाराच्या अगदी आधीच्या काळातील जाळी त्यापूर्वीच्या जाळ्यांपेक्षा कमी आघाताने कोसळत होती. मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांतील वैविध्य तोवर बदलले होते आणि जाळ्याची घडण ढिली झाली होती. आकाशातून आलेला आघात भयानक होताच. परंतु तो ज्या जाळ्यावर पडला ते आधीच नाजूक झालेले होते. हाच आघात काही दशलक्ष वर्षे आधी झाला असता तर हानी कदाचित कमी झाली असती, असे हे संशोधक सुचवतात.

आगोटीची बेगमी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : बेडूक का राहिले?

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पावर सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. धूळ, काजळी आणि गंधकाचे कण वातावरणात पसरले आणि सूर्यप्रकाश अडला. त्याच सुमारास आपल्या दख्खनवर लाव्हाचे प्रचंड उद्रेक चालू होते. ते या घटनेच्या आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले. आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापणारे आपले काळे पाषाण ही त्यांचीच निर्मिती. या दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. प्रकाशसंश्लेषण दीर्घ काळ मंदावले किंवा थांबले, याबद्दल मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

अशा वेळी हिरव्या पानावर जगणाऱ्याचे काय होणार? पिसदुऱ्याच्या डायनोसॉरचे ताट वैविध्यपूर्ण होते. त्यात गवत होते, झाडपाला होता. परंतु त्या ताटातला प्रत्येक पदार्थ त्याच वर्षीच्या सूर्यप्रकाशावर पिकणारा होता. प्रकाश गेला तेव्हा सारे पर्याय एकदम संपले. पर्याय अनेक असूनही मूळ एकच असेल, तर संकटात ते पर्याय उरत नाहीत.

दुसरे एक अन्न मात्र सूर्य झाकला गेल्यावरही शिल्लक होते. गळलेली पाने, कुजकी लाकडे, मेलेले जीव, पाण्याच्या तळाशी साचलेला सेंद्रिय गाळ : हे सारे पूर्वीच्या वर्षांच्या सूर्यप्रकाशाचे संचित. त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांना कृमी, गोगलगाई, कीटकांच्या अळ्या खातात. त्यांना मासे आणि बेडूक. आणि त्यांना कासवे व मगरी. नदी-तळ्यांतील अन्नजाळे मोठ्या प्रमाणात या पाचोळ्यावर उभे असते. पीटर शीहान आणि थोर हॅन्सन यांनी १९८६ साली हा विचार मांडला : पाचोळ्यावर आधारलेल्या जाळ्यांना संहाराची झळ कमी लागली. १९९२ मध्ये शीहान आणि डेव्हिड फास्टोव्हस्की यांनी अमेरिकेतील माँटाना राज्याच्या पूर्व भागातील जीवाश्मांची मोजदाद करून दाखविले की, भूचर पृष्ठवंशीयांपैकी सुमारे १२ टक्के प्रजाती तगल्या, तर गोड्या पाण्यातील सुमारे ९० टक्के.

उत्तन-चौकच्या कोळीवाड्यांतून वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वैशाखात बांबूंच्या परातींवर बोंबील वाळू लागतात, जवळा आणि मांदेली भरून ठेवली जाते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की घर त्या आगोटीच्या बेगमीवर चालते. ज्याच्या घरी बेगमी आहे त्याला दोन महिन्यांचा खवळलेला समुद्र निभावून नेता येतो. ज्याला रोज ताजेच हवे, त्याची चूल थंडावते. पाचोळा ही निसर्गाची बेगमी आहे. तळ्यातल्या जीवांकडे ती होती, टायटॅनोसॉरकडे नव्हती.

जमिनीवरही जे तगले त्यांच्यात हेच सूत्र दिसते. तेलंगणातील नास्कल येथे दख्खनच्या लाव्हांमधील गाळात डेक्कनोलेस्टेस या चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. १९८८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तो कीटकभक्षी होता. पाचोळ्यातील कीटक हे भूचरांच्या वाट्याला येणारे तेच संचित होय. आजही दक्षिण सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा जांभळा बेडूक वाळवीवर जगतो आणि वाळवी मेलेल्या लाकडावर. २००३ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या या बेडकाचे वंशसूत्र डायनोसॉरांच्या काळापर्यंत मागे जाते.

नागपूरजवळच्या टाकळीपासून मुंबईपर्यंत दख्खनच्या लाव्हांमध्ये दबलेले तळ्यांचे थर हीच गोष्ट पुनःपुन्हा सांगतात. लाव्हा आला, सारे झाकले गेले. काही काळाने नव्या पृष्ठावर पाणी साचले आणि त्यात पुन्हा गोगलगाई, मासे, शैवाल, बेडूक वसले. मग पुन्हा लाव्हा आला. तळ्यांचे हे लहानसे जग उद्रेकांच्या प्रत्येक विरामात नव्याने वसत होते.

उत्तराच्या मर्यादा

येथे सावधगिरीही हवी. तळ्याच्या गाळात तळ्यातलेच प्राणी अधिक सापडणार, हे उघड आहे. म्हणून वरळीच्या बेडकांवरून एकट्याने काही सिद्ध होत नाही. पाण्याने उष्णतेपासूनही बचाव केला असेल, बिळांनी आसरा दिला असेल, लहान आकाराने भूक कमी ठेवली असेल. समुद्रात पाचोळ्याचा नियम सर्वत्र तितका ठळकपणे लागू पडत नाही. अन्नजाळ्याची रचना हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. तरीही वेगवेगळ्या खंडांतील, वेगवेगळ्या काळांतील पुरावे जे समान सांगतात, ते तीन वाक्यांत मांडता येईल. पर्याय हवेत, पण त्यांची मुळे वेगवेगळी हवीत. मांडणी सावकाश घडते आणि संख्येपेक्षा उशिरा सावरते. आणि जाळे कोसळण्यापूर्वी बराच काळ शाबूत दिसते.

आपल्या खाडीकडे

हे सारे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. त्याचे आज आपल्याला काय?

वसईच्या खाडीकाठी आणि उत्तनच्या वाटेवर जी तिवरे उभी आहेत, ती हेच काम आजही करीत आहेत. त्यांची पाने चिखलात गळतात, खेकडे ती फाडतात, जिवाणू ती कुजवतात, आणि त्यातून निघालेले अन्नकण भरती-ओहोटीबरोबर समुद्राला मिळतात. त्या कणांवर आणि सूक्ष्म प्लवकांवर जवळा पोसतो. जवळ्यावर बोंबील जगतो. बोंबलावर उत्तनच्या घरांची चूल पेटते. चिखल आणि पाचोळा यांना आपण घाण म्हणतो. परंतु या साऱ्या जाळ्याची कणगी तीच आहे. तिवरांवर भराव पडला की कणगी रिकामी होते. न शुद्ध केलेले सांडपाणी खाडीत सोडले की त्यातील अतिरिक्त घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि भरलेली कणगी नासते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली तिवरांच्या संरक्षणाचे आदेश दिले, ते या दृष्टीने मोलाचे आहेत. त्यांची अंमलबजावणी मात्र अखेरीस येथे राहणाऱ्यांच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.

जाळे उंबरठ्याच्या किती जवळ आले आहे, हे बाहेरून दिसत नाही, हे रूपनरीन यांच्या प्रतिमानाने शिकवले. या वर्षी बोंबील मिळाले म्हणजे पुढच्या वर्षीही मिळतीलच, असे म्हणता येत नाही. म्हणून कोळीवाड्यातील वृद्ध जेव्हा मासळी पूर्वीसारखी राहिली नाही असे सांगतात, तेव्हा ती म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून देऊ नये. ती नोंदवून ठेवावी : कोणत्या महिन्यात, कोणती मासळी, किती टोपल्या. शाळेतील मुलांना हे काम सहज जमेल आणि दहा वर्षांनी त्या वह्या एखाद्या संशोधकाच्या उपयोगी पडतील.

माजी विद्यार्थी पुन्हा कधी या बाजूला आले, तर त्यांनी आपल्या मुलांना घेऊन डोंगरीच्या टेकडीवर अवश्य जावे. "हा दगड किती जुना?" असे मुलाने विचारले, तर आता नेमके सांगता येईल : सव्वासहा कोटी वर्षांहून थोडा अधिक; डायनोसॉर गेल्यानंतरचा. आणि परतताना तिवरांपाशी क्षणभर थांबून त्याला खालचा चिखल दाखवावा. त्यात हलणारे खेकडे, उड्या मारणारे निवटे आणि कुजणारी पाने दिसतील. वरळीचे बेडूक ज्या अन्नावर तगले, ते साधारण असेच दिसत असावे.